लिसेथचं हृदय

डॉक्टर आदेला तेरासासनं पुन्हा एकदा पत्ता टाइप केला आणि पुन्हा तोच पडदा समोर आला. मधोमध एक हृदय सावकाश फिरत होतं, त्यावर राखाडी धुकं पसरलेलं, आणि खाली दोन ओळी : पुढे पाहायचं असेल तर आधी वर्गणी भरा.

"हे आपलंच ना?" तिच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या उर्किदीनं विचारलं.

"आपलंच. ती वरची कड दिसतेय ना, ती मी कापलेली आहे. माझा हात मला कळत नाही की काय?"

गोंझालो उर्किदी मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करायचा. कोचाबांबा शहराच्या त्या सरकारी इस्पितळात असं काम करणारा तो एकटाच होता, आणि तोही दोनच वर्षांपूर्वी आलेला. सोमवारी त्याच्या टेबलावर पुनाता गावचं दोन वर्षांचं एक मूल येणार होतं. एदिल नाव. शरीराकडे जाणारी आणि फुप्फुसाकडे जाणारी, अशा दोन्ही मोठ्या नळ्या एकाच कप्प्यातून निघालेल्या, आणि पडद्यातलं भोक नको तिथे, खाली, आडबाजूला. सोनोग्राफीत जेवढं दिसायचं तेवढं दिसलं होतं. सीटी स्कॅनचं मशीन चार महिने बंद होतं, एक सुटा भाग परदेशातून यायचा होता. म्हणून तो तळघरात आदेलाकडे आला होता. तिच्याकडे तशीच रचना असलेलं एक हृदय होतं, आणि त्या हृदयाचं चित्रही काढलेलं होतं. सगळ्या बाजूंनी फिरवता येईल, आतून शिरून पाहता येईल, असं चित्र.

ते चित्र आता धुक्यामागे होतं.

आदेलाची खोली शवविच्छेदनाच्या विभागामागे होती. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. एका भिंतीला विंचुका नावाच्या रक्तपित्या किड्यानं होणाऱ्या आजारानं फुगलेली मोठ्या माणसांची हृदयं, खोऱ्यातल्या मातीच्या घरांतून आलेली. उरलेल्या दोन भिंती लहान मुलांच्या. जन्मतःच वेगळी घडलेली ही हृदयं आदेलानं जवळपास तीस वर्षं जमवली होती. प्रत्येक हृदय रक्त ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं उघडायचं, हा तिचा नियम. आधी कप्पा, मग झडप, मग नळी. पण सुरीची एक खोड असते. ती एकदाच उघडते. एका बाजूनं खिडकी पाडली की दुसऱ्या बाजूनं ते हृदय कसं दिसलं असतं हे कधीच कळत नाही.

म्हणून तर तीन वर्षांपूर्वी युरोपातून डॉक्टर ब्रांडल आणि त्याची माणसं आली तेव्हा तिला आनंद झाला होता. मशीन तेव्हा चालू होतं. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असायचा, तेव्हा आदेला एकेक हृदय औषधातून काढून निथळायची, कप्प्यांत हलकेच हवा भरून ते मशीनखाली ठेवायची. पहिलं चित्र पडद्यावर उभं राहिलं आणि ब्रांडलनं ते मधोमध चिरून, पुन्हा मिटवून, दुसरीकडून चिरून दाखवलं, तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली होती. त्याला दुपारी घरी नेऊन मक्याचं सूप आणि भाजलेला ससा खाऊ घातला होता. जाताना तो म्हणाला होता, "सगळ्याची एक प्रत तुमच्याकडे येईल, आदेला."

प्रत आली नाही. आला तो चौकटीत घातलेला एक कागद, आभाराचा. तो संचालक पेरेदोच्या खोलीत लटकत होता.

आदेला जिना चढून तिकडेच गेली. उर्किदीला तिनं "इथेच थांब" म्हटलं, पण तिचा चेहरा पाहून त्याला थांबवेना, म्हणून तोही मागोमाग निघाला.

लिसांद्रो पेरेदो सॅल्टेन्या, म्हणजे आत मांसाचा रस्सा भरलेली भाजकी करंजी, खात होता, रस्सा सांडू नये म्हणून पुढे वाकून. आदेलानं दार लोटलं तसं त्यानं हातानंच बसायची खूण केली.

"बसायला नाही आले. आपल्या हृदयांना कुलूप कुणी लावलं?"

"कसलं कुलूप?"

"ब्रांडलनं ती चित्रं एका कंपनीला दिली. तुला माहीत होतं?"

पेरेदोनं तोंड पुसलं. "आदेला, करारात ते आहे. त्यांनी खर्च केला, त्यांचे लोक आले. आणि आपल्याला काही मिळालं नाही असं नाही. आपल्या इस्पितळाला वर्गणीत सवलत आहे."

"सवलत."

"चांगली सवलत आहे."

"माझ्या बरण्या, माझे रविवार, आणि मला सवलत?" तिचा आवाज चढला नाही. तो खाली उतरला, आणि उर्किदीला ते जास्त वाईट वाटलं. "या माणसाला सोमवारी एका पोराची छाती उघडायचीय, लिसांद्रो. त्यानं वर्गणी भरायची?"

"अर्ज करा. मी पुढे पाठवतो." पेरेदो जरा थांबला, मग त्याला काहीतरी छान आठवलं. "आणि हे बघ, काल टीव्हीवर आपली बातमी आली. कोचाबांबाची हृदयं जगभरात पोहोचली म्हणून. तू पाहिली नाहीस? तुझ्या खोलीतलंही चित्रीकरण दाखवलं. तू नव्हतीस तेव्हा येऊन गेले ते."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे आदेलाला त्या दिवशी नीट कळलं. तिच्या खोलीत तिला न विचारता शिरलेली माणसं, तिच्या बरण्यांवर मारलेले दिवे, आणि हा वाकून वाकून खातोय. तिला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हाताशी काही नव्हतं. ती बाहेर पडली आणि दार तिनं इतक्या जोरात आपटलं की आभाराची चौकट वाकडी झाली. ते उर्किदीनं तिला नंतर सांगितलं.

"कसाई," ती जिन्यात म्हणाली. "कसायाला तरी आपण काय कापतोय ते ठाऊक असतं."

"मग सोमवारचं काय?" उर्किदी म्हणाला.

"बरणी आहे ना. उद्या सकाळी ये. आपण खरं हृदयच बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्किदीच्या आधी कासियाना कोल्के आली.

कासियाना कांचा बाजारात बटाटे विकायची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, दोन वेण्या, चुणीदार घागरा, डोक्यावर पांढरी हॅट. आठ वर्षांपूर्वी तिची चार वर्षांची लिसेथ याच इस्पितळात वारली होती, आणि आदेलानं विचारलं तेव्हा तिनं लेकीचं हृदय दिलं होतं. तेव्हापासून दरवर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, ती स्मशान उरकून इथे यायची. पावाची बाहुली बरणीशेजारी ठेवायची, थोडा वेळ आपल्या क्वेचुआ भाषेत पुटपुटायची, आदेलानं दिलेला चहा प्यायची आणि जायची. बरणीच्या गळ्याला तिनं निळा दोरा बांधला होता, इतर बरण्यांत ओळखू यावी म्हणून.

हा नोव्हेंबर नव्हता. तिच्या हातात बाहुली नव्हती.

"डॉक्टरीणबाई," ती दारातूनच म्हणाली, "माझी पोर टीव्हीवर काय करत होती?"

"बसा, कासियानाबाई."

"बसायला नाही आले." ती आत आली आणि थेट त्या फळीसमोर उभी राहिली. "दुकानात टीव्ही चालू होता. समोरची शेंगदाणेवाली म्हणते, बघ गं, मढ्यांची काळजं दाखवतायत. मी मान वर केली तर माझा दोरा. माझा निळा दोरा, सगळ्या बाजारासमोर. मग म्हणाले, ही आता कॉम्प्युटरवर बघायला मिळतात. शेंगदाणेवालीच्या लेकीनं फोनवर उघडून दिलं. तर फोन म्हणतो, कार्डाचा नंबर घाला."

आदेलानं त्या निळ्या दोऱ्याकडे पाहिलं.

"तू मला काय सांगितलं होतंस तेव्हा?" कासियाना आठ वर्षं तिला 'तुम्ही' म्हणत आली होती. "बोल ना. काय म्हणाली होतीस?"

"दुसऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल म्हणाले होते."

"विकू म्हणाली होतीस?"

"मी नाही विकलं. मला एक पै मिळाली नाही. मलासुद्धा ते उघडत नाही, काल मी स्वतः..." बोलता बोलता आदेलाला आपलं वाक्य ऐकू आलं आणि ती गप्प झाली. मेलेल्या पोरीच्या आईला ती आपल्याला कमी मिळाल्याची तक्रार सांगत होती.

"मी बाजारात बसते, बाई. माल कुणाचा गेला आणि गल्ल्यावर कोण बसलं, ते मला कळतं. तू नसशील बसली गल्ल्यावर. पण पोतं तू उचलून दिलंस." तिनं पाठीवर ओझं बांधायचं रंगीत विणलेलं कापड, अग्वायो, सोडलं आणि टेबलावर पसरलं. "काढ ती बरणी. मी घेऊन चाललेय तिला."

नियम होते. इस्पितळाची परवानगी, पेरेदोची सही. आदेलाच्या तोंडापर्यंत ते शब्द आले, आणि त्या शब्दांचीच तिला किळस आली. तिनं शिडी ओढली आणि वर चढून बरणी उतरवली.

नेमका तेव्हाच उर्किदी आत आला. "वा, काढलीतच का? मला वाटलं, शोधावी लागेल." मग त्याला कासियाना दिसली आणि टेबलावरचं अग्वायो दिसलं.

"हा कोण?" कासियानानं विचारलं.

"डॉक्टर आहे. तू बाहेर थांब, गोंझालो."

"त्याला माझ्या पोरीचं काय करायचंय?"

"काही नाही," आदेला म्हणाली. तिला एदिलचं नाव मध्ये आणायचं नव्हतं. एका पोराचा जीव पुढे करून या बाईचा राग बंद पाडायचा, हे तिला ब्रांडलच्या कराराइतकंच नीच वाटलं. "तुमचं तुम्ही न्या. मी आधी धुऊन देते, बरणीतलं पाणी विषारी असतं."

पण कासियाना उर्किदीकडेच पाहत होती. बाजारात गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय हे ओळखायची तिला सवय होती. "तू सांग रे. तोंड आहे ना तुला?"

उर्किदीनं आदेलाकडे पाहिलं. मग सांगितलं. पुनाताचं मूल, सोमवार, तशीच घडण.

वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं, त्याचा कर्कश आवाज येत राहिला.

"लिसेथला सोमवार मिळाला नाही," कासियाना शेवटी म्हणाली. "मला तर म्हणाले होते, छातीत कफ झाला म्हणून गेली."

"कुणी?" आदेलानं विचारलं.

"सगळ्यांनी. तू सुद्धा दुसरं काही नाही बोललीस."

ते खरं होतं. त्या हृदयात काय होतं ते आदेलानं विद्यार्थ्यांच्या आठ तुकड्यांना शिकवलं होतं. ज्या बाईला ती दर नोव्हेंबरात चहा देत होती, तिला ती गप्पांत पाऊसपाणी आणि बटाट्यांचे भाव विचारत आली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं हातमोजे घालताना एक फाडलाच.

"बघू दे त्याला," कासियाना म्हणाली. "पण माझ्यासमोर. मी इथून हलणार नाही. आणि त्याचं बघून झालं की मी तिला घेऊन जाणार. पोरगं जगो न जगो, मी घेऊन जाणार. नंतर गळ्यात पडायचं नाही."

"नाही पडणार."

आदेलानं हृदय बाहेर काढलं, नळाखाली बराच वेळ धुतलं आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. ते लहान होतं, औषधानं करडं पडलेलं, लिंबाहून थोडं मोठं. त्याच्या समोरच्या भिंतीला तिनं आठ वर्षांपूर्वी पाडलेली खिडकी होती. एका बाजूनं जोडलेली, कवाडासारखी. तिनं चिमट्यानं कवाड उघडलं. कासियाना पुढे झाली. तिनं हॅट काढून बगलेत धरली.

"या दोन्ही नळ्या इथून निघतात," आदेला म्हणाली. ती उर्किदीला नाही, कासियानाला सांगत होती. "एक पलीकडच्या कप्प्यातून निघायला हवी होती. तिकडे चांगलं रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला दार नाही. एवढं एकच भोक आहे. त्यातून ते इकडे येतं, मळक्या रक्तात मिसळतं, आणि तसंच अंगभर जातं."

"म्हणून ओठ निळे असायचे."

"म्हणून."

उर्किदी खुर्ची ओढून बसला होता. त्याचा बेत असा होता की भोकापासून त्या नळीपर्यंत आतून कापडाचा एक बोगदा शिवायचा, म्हणजे चांगलं रक्त बोगद्यातून सरळ बाहेर जाईल. त्यानं एक बोथट सळई भोकातून घातली आणि पुढे नेली. मधेच ती अडली. त्यानं मान तिरकी केली, भिंग डोळ्याशी घेतलं, आणि एक शिवी हासडली. मग त्याला कासियानाचं भान आलं. "माफ करा, मावशी."

"काय झालं?"

"ही दोरी." झडपेला धरून ठेवणारा दोऱ्यासारखा एक तंतू भोकाच्या तोंडावरून आडवा गेला होता. "सोनोग्राफीत मला एक रेघ दिसली होती, मी ती सोडून दिली होती. तिथं हीच असली आणि मी सरळ शिवत गेलो असतो, तर झडप बोगद्यात आवळली गेली असती. आता आधी ही इथून सोडवायची, बाजूला लावायची, मग शिवायचं."

त्यानं सळई काढली, पुन्हा घातली. दुसऱ्या बाजूनं घातली. दोऱ्याचा एक तुकडा घेऊन अंतर मोजलं. तासभर तो तेच करत राहिला, आणि कासियाना तासभर उभीच होती. आदेलानं खुर्ची दिली ती तिनं पायानं बाजूला सारली.

"यानं गेली का ती? या दोरीनं?" मधेच तिनं विचारलं.

"नाही," उर्किदी म्हणाला. त्यानं मान वर केली. "हे दुरुस्त करणारं इथे कुणी नव्हतं, म्हणून गेली. ती यादीत होती आणि वाट बघत होती."

"आणि तिचं काळीज परदेशात गेलं, त्याला यादी लागली नाही."

उर्किदीनं मान खाली घातली आणि सळई पुन्हा हातात घेतली.

झाल्यावर आदेलानं हृदय पुन्हा धुतलं, मऊ जाळीच्या कापडात गुंडाळलं, त्यावर प्लास्टिक आणि त्यावर स्वच्छ रुमाल. निळा दोरा बरणीवरून सोडवून तिनं वेगळा दिला. कासियानानं सगळं अग्वायोत बांधलं, पाठीवर घेतलं आणि छातीशी गाठ मारली, तान्ह्या मुलाला बांधतात तशी. दारात ती वळली.

"तुझ्यावरचा राग नाही गेला माझा," ती म्हणाली.

"नका जाऊ देऊ," आदेला म्हणाली.

सोमवारी एदिलची शस्त्रक्रिया उजाडत्या सकाळी सुरू झाली आणि दुपार कलल्यावर संपली. दोरी होती. लिसेथच्या हृदयात होती तशीच, जराशी वरच्या अंगाला. पोरगं पंधरवडाभर अतिदक्षता विभागात राहिलं, दोनदा हातचं जातंय असं वाटलं, आणि मग एका दुपारी बापाच्या कडेवर बसून, दूध सांडत, घरी गेलं. उर्किदी ते सांगायला कांचा बाजारात गेला. कासियानानं ऐकून घेतलं, त्याच्या पिशवीत बटाटे ओतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

इकडे पेरेदोनं आदेलाला बोलावून घेतलं. बरणी रिकामी असल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"ती इस्पितळाची मालमत्ता होती. तुला चौकशीला सामोरं जावं लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आदेला, कशाला ओढवून घेतेस?"

"मालमत्ता," ती म्हणाली. "तुझ्या लेकाचं काळीज कुणी बरणीत घातलं, तर त्याला काय म्हणशील तू?"

"भावनेच्या भरात बोलू नकोस."

"मी रागाच्या भरात बोलतेय. दोन्हींतला फरक तुला कळत नसेल तर तू डॉक्टरकी सोड."

तिनं ब्रांडललाही लिहिलं. त्याचं उत्तर फार सभ्य होतं. चित्रांवर कुणाचीच नावं नाहीत, त्यामुळे कुणाची चित्रं काढून टाकायची हे ठरवता येणार नाही, आणि काम सगळ्या मानवजातीसाठी आहे. सोबत कंपनीनं तिला एकटीला फुकट प्रवेश देऊ केला होता. आदेलानं ते उत्तर वाचलं, उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या, आणि तो प्रवेश उर्किदीच्या नावावर करायला लावला. पुढच्या पोरासाठी त्याला तो लागणार होता. नाकारायची चैन आपल्याला परवडत नाही, याचा तिला वेगळा संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना.

मग ती क्वेचुआ रेडिओवर गेली. बाजाराला निघालेली माणसं सकाळी ऐकतात त्या कार्यक्रमात. तिचं क्वेचुआ लहानपणीच्या दाईकडून शिकलेलं, मोडकंतोडकं, पण तिनं दुभाषा घेतला नाही. म्हणाली, मी डॉक्टर तेरासास. तुमच्या मुलांची हृदयं माझ्याकडे आहेत. त्यांची चित्रं तुम्हाला न विचारता बाहेर गेली आहेत. या, बघा, काय झालं होतं ते मी सांगेन. ठेवायचं तर ठेवा, न्यायचं तर न्या.

लोक येऊ लागले. एका आजीनं तिच्या अंगावर हात उगारला. एका जोडप्यानं बरणीला नुसता हात लावला आणि ठेवा म्हणाले. काहींनी नेली. फळ्यांवर ओलसर गोल डाग उरले, बरण्या होत्या तिथे. तीस वर्षांचं काम आपल्या हातानं विसकटताना तिला बरं वाटत नव्हतं. घरी जाऊन ती भांडी आपटायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बसायची.

चौकशीची तारीख लागली त्याच आठवड्यात कोल्किरीच्या खाणीतून एक माणूस आला. रातपाळी करून तसाच बसमध्ये बसलेला, नखांत काळं साचलेलं. त्याची मुलगी जन्मल्यानंतर नवव्या दिवशी गेली होती. त्यानं आल्या आल्या आदेलाला तोंडात येईल ते सुनावलं. चोर म्हणाला, गिधाड म्हणाला, आणखीही पुष्कळ काही. आदेला टेबलाच्या कडेला हात टेकून ऐकत राहिली. त्याचा श्वास संपला तेव्हा तिनं बरणी उतरवली, हृदय धुऊन ट्रेमध्ये ठेवलं आणि सांगायला लागली. इथे ही झडप उघडलीच नाही, त्यामुळे हा कप्पा वाढला नाही, त्यामुळे रक्त इकडून वळलं.

तो वाकून पाहत होता. तिचं संपल्यावरही तसाच वाकलेला राहिला.

"यातलं काही कळलं नाही मला," तो म्हणाला. अजून चिडलेलाच होता. "पहिल्यापासून सांगा."

आदेलानं चिमटा घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.